न्यायमूर्ती राधाबिनोद पाल : दोषमुक्त म्हणजे निर्दोष नव्हे

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाईलवर कधी ना कधी एक मेसेज येऊन गेला असेल. जपानमध्ये एका भारतीय न्यायाधीशाचं स्मारक आहे, त्यांनी एकट्याने साऱ्या जगासमोर जपानला निर्दोष ठरवलं, असा काहीसा त्याचा मजकूर असतो. खाली अभिमान वाटला तर पुढे पाठवा, ही ओळही असतेच. आपण वाचतो, अभिमान वाटतो आणि पुढे पाठवतो.

त्यातली स्मारकाची गोष्ट खरी आहे. न्यायाधीशही खरे आहेत. पण जपान निर्दोष आहे, असं त्यांनी लिहिलेलं नाही. आणि त्यांच्या निकालामुळे कुणाचीही शिक्षा टळली नाही. मग त्यांनी नेमकं केलं काय? हे नीट समजून घेतलं, तर मुलांना न्याय ही गोष्ट शिकवायला याहून चांगला धडा सापडणार नाही. म्हणून आज आपण न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं चरित्र पाहू या.

जन्म आणि बालपण

राधाबिनोद पाल यांचा जन्म २७ जानेवारी १८८६ रोजी बंगालमधल्या एका खेड्यात झाला. तेव्हाचा नदिया जिल्हा. आज तो कुश्तिया भाग बांगलादेशात आहे. घरची परिस्थिती अगदी बेताची. लहानपणीच वडिलांचा आधार सुटला आणि आईने कष्ट करून मुलांना वाढवलं. मुलगा हुशार होता. अशा घरातल्या हुशार मुलाचं पुढे काय होतं, हे आपण शिक्षक रोज बघतो. शिष्यवृत्ती मिळाली, कुणी मदतीचा हात दिला तर शिकतो, नाहीतर कामाला लागतो. राधाबिनोद शिकला. राजशाहीच्या कॉलेजात आणि नंतर कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात. विषय होता गणित. १९०८ मध्ये ते गणितात एम. ए. झाले.

गणिताचे प्राध्यापक

पहिली नोकरी अलाहाबादला, महालेखापालांच्या कचेरीत कारकुनाची. ती करता करता कायद्याचा अभ्यास केला. मग १९११ पासून मैमनसिंगच्या आनंदमोहन कॉलेजात त्यांनी गणित शिकवलं, तेही एक-दोन नव्हे तर जवळपास नऊ वर्षं! पुढे जगाच्या व्यासपीठावर गेलेला हा माणूस आधी आपल्यासारखाच खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभा राहणारा होता, हे मुलांना जरूर सांगा.

ही गणिताची गोष्ट मी मुद्दाम सांगतेय. गणितात उत्तर बरोबर आलं तरी मधली पायरी गाळली, तर आपण पूर्ण गुण देत नाही. उत्तर तर बरोबर आहे ना बाई, असं मूल म्हणतं. आपण म्हणतो, रीत दाखव. पाल यांनी पुढे टोकियोत जे केलं, ते समजायला ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. ते रीत मागत होते.

कायद्याच्या क्षेत्रात

१९२० मध्ये ते एल. एल. एम.च्या परीक्षेत पहिले आले. कॉलेजची नोकरी सोडून त्यांनी कलकत्त्यात वकिली सुरू केली. १९२४ मध्ये कायद्यातली डॉक्टरेट मिळवली. विषय होता प्राचीन हिंदू कायद्याचा. कलकत्ता विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. म्हणजे वकील झाल्यावरही मास्तरकी सुटली नाहीच!

कलकत्ता विद्यापीठात टागोर कायदा व्याख्यानं नावाची मोठ्या मानाची व्याख्यानमाला आहे. (हे टागोर म्हणजे रवींद्रनाथ नव्हेत बरं का. ही प्रसन्नकुमार टागोरांच्या नावाची आहे.) तिथे एकदा बोलावणं आलं तरी माणूस धन्य होतो. पाल यांना तीनदा बोलावणं आलं. आयकराच्या किचकट कायद्यातही त्यांचा हातखंडा होता. १९४१ ते १९४३ या काळात ते कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते आणि १९४४ ते १९४६ कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू.

वय झालं होतं साठ. इथेच थांबले असते तरी चरित्र भरलेलंच होतं. पण आज आपण त्यांना ओळखतो ते यानंतरच्या अडीच वर्षांमुळे.

टोकियोचा खटला

दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं. ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले, जपान शरण आला. जर्मनीच्या नाझी नेत्यांवर न्यूरेंबर्ग शहरात खटला सुरू झाला होता. तसाच खटला जपानच्या नेत्यांवर चालवायचं ठरलं. जनरल मॅकआर्थर हे जपानचा ताबा घेतलेल्या दोस्त सैन्याचे प्रमुख. त्यांनी जानेवारी १९४६ मध्ये या न्यायालयाची सनद जाहीर केली. जागा कोणती, तर टोकियोच्या इचिगाया भागातली जपानी लष्करी खात्याची जुनी इमारत. ३ मे १९४६ रोजी काम सुरू झालं.

न्यायाधीश होते अकरा, अकरा देशांचे : ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत युनियन, चीन, फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा, न्यूझीलंड, फिलिपिन्स आणि भारत. अध्यक्ष ऑस्ट्रेलियाचे विल्यम वेब. भारत आणि फिलिपिन्स यांची नावं सुरुवातीच्या यादीत नव्हती, ती नंतर आली. लक्षात घ्या, आपण तेव्हा स्वतंत्र नव्हतो. पाल यांची नेमणूक ब्रिटिश अमलाखालच्या सरकारनेच केली होती. भारताच्या वतीने सरकारी बाजू मांडायला पी. गोविंद मेनन हे वकीलही तिथे होते. एकाच देशाचा एक माणूस आरोप करणाऱ्यांच्या बाजूला आणि दुसरा न्यायासनावर!

आता ही अकरा नावं पुन्हा वाचा. त्यात जपानचा कुणी नाही, आणि युद्धात न पडलेल्या एखाद्या तटस्थ देशाचाही कुणी नाही. सगळे जिंकलेल्या बाजूचे. दोन गटांत भांडण झालं आणि निवाडा करायला एकाच गटातली अकरा मुलं बसली, तर आपली चौथीतली मुलंसुद्धा विचारतील, बाई, हे कसं काय? दुसरी बाजूही सांगायला हवी. आरोपींना वकील मिळाले होते, जपानी आणि अमेरिकनसुद्धा. त्यातले काही अमेरिकन वकील आपल्याच देशाविरुद्ध मुद्दे मांडायला कचरले नाहीत. म्हणजे तो निव्वळ देखावा होता, असं म्हणता येणार नाही.

आरोप काय होते?

आरोपी होते २८. त्यात युद्धकाळातले पंतप्रधान हिदेकी तोजो, आधीचे मंत्री, सेनापती, राजदूत. सम्राट हिरोहितो यांच्यावर आरोप ठेवलाच नाही. खटला चालू असताना दोघे वारले, एकाचं मानसिक संतुलन ठीक नसल्याने त्याला वगळलं. राहिले २५.

या आरोपींना अ वर्गाचे युद्धगुन्हेगार म्हणतात. इथे आपला नेहमी एक गैरसमज होतो. अ म्हणजे सर्वांत वाईट आणि क म्हणजे थोडे कमी वाईट, असं ते नाही. ते गुन्ह्याचे प्रकार आहेत. अ म्हणजे शांततेविरुद्धचा गुन्हा, म्हणजे दुसऱ्या देशावर आक्रमण करायचं ठरवणं आणि ते करणं. ब म्हणजे युद्धाचे नियम मोडणं, उदाहरणार्थ कैद्यांना मारणं. क म्हणजे माणुसकीविरुद्धचे गुन्हे, सामान्य जनतेचा छळ आणि कत्तल. प्रत्यक्ष अत्याचार करणाऱ्या पाच हजारांहून जास्त जपानी सैनिक-अधिकाऱ्यांवर आशियात ठिकठिकाणी वेगळे खटले चालले. टोकियोचा खटला मुख्यतः वरच्या नेत्यांचा होता. १९२८ पासून १९४५ पर्यंत या सगळ्यांनी मिळून आशिया जिंकण्याचा कट केला, हा त्यातला मुख्य आरोप. त्यासोबत अत्याचार घडवल्याचे आणि ते न रोखल्याचे आरोपही होते.

अकरांमध्ये एक

पाल टोकियोला पोहोचले तेव्हा न्यायालय सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. आधी आलेल्या न्यायाधीशांचं आपसात ठरलं होतं की निकाल एकमुखी द्यायचा, मतभेद बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. पाल यांनी ही अट मान्य केली नाही. मत वेगळं झालं तर मी ते लिहिणार, ही त्यांची भूमिका पहिल्यापासून होती.

खटला चालला अडीच वर्षं. ४१९ साक्षीदार न्यायालयात उभे राहिले. चार हजारांहून जास्त कागदपत्रं दाखल झाली. पाल यांची पत्नी आजारी असल्याने त्यांना मध्येच कलकत्त्याला जावं लागलं, बऱ्याच दिवसांच्या सुनावणीला ते हजर नव्हते. त्यांच्यावर टीका करणारे ही गोष्ट आवर्जून सांगतात आणि ती खरीच आहे. बाकी वेळ ते हॉटेलच्या खोलीत कागदपत्रं आणि पुस्तकं घेऊन बसलेले असत. मेजवान्या, गाठीभेटी यांत त्यांचं मन नव्हतं.

नोव्हेंबर १९४८ मध्ये निकाल वाचला गेला. बहुमताने सर्वच्या सर्व २५ जणांना दोषी ठरवलं. सात जणांना फाशी, सोळा जणांना जन्मठेप, एकाला वीस वर्षं आणि एकाला सात वर्षं कैद. फ्रान्सच्या आणि नेदरलँड्सच्या न्यायाधीशांनी काही मुद्द्यांवर वेगळं मत दिलं. पण प्रत्येक आरोपीला प्रत्येक आरोपातून मुक्त करा, असं लिहिणारा न्यायाधीश एकच होता. पाल. त्यांचं निकालपत्र १,२३५ पानांचं होतं. ते न्यायालयात वाचूनही दाखवलं गेलं नाही. २३ डिसेंबर १९४८ रोजी सात जणांना फाशी झाली.

त्या निकालपत्रात होतं काय?

एवढी पानं आपण वर्गात सांगू शकत नाही. पण तीन मुद्दे सांगता येतात.

पहिला मुद्दा, कायदा आधी की गुन्हा आधी? समजा आज सोमवारी शाळेत नियम झाला की मैदानात सायकल आणायची नाही. आणि सरांनी मागच्या शुक्रवारी ज्यांनी सायकल आणली होती त्यांना शिक्षा केली. चालेल का? पाल यांचं म्हणणं होतं की युद्ध सुरू झालं तेव्हा आक्रमण करणं हा एखाद्या व्यक्तीला फाशी देता येईल असा गुन्हा आंतरराष्ट्रीय कायद्यात नव्हता. १९२८ च्या पॅरिस कराराने देशांनी युद्धाचा त्याग केला होता हे खरं. पण स्वसंरक्षण कशाला म्हणायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं आणि शिक्षेची काही तरतूदच नव्हती. युद्ध जिंकलं म्हणून जिंकणाऱ्याला मागच्या तारखेने कायदा करण्याचा अधिकार मिळत नाही, असं त्यांनी मांडलं.

हे सांगितल्यावर वर्गातलं एखादं चुणचुणीत मूल नक्की विचारेल की बाई, लहान मुलाला मारायचं नाही असा नियम फळ्यावर लिहिलेला नसला तरी ते चूकच ना? त्याला शाबासकी द्या. कारण बहुमतातल्या न्यायाधीशांचा युक्तिवाद साधारण याच दिशेने जात होता. आक्रमण चूक आहे हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, करारही झालेला होता, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंना वजन आहे, म्हणून तर हा वाद आजही संपलेला नाही.

दुसरा मुद्दा, कटाचा पुरावा कुठे आहे? वर्षभरात वर्गाच्या पाच काचा फुटल्या. वेगवेगळ्या मुलांनी, वेगवेगळ्या दिवशी फोडल्या. म्हणून साऱ्या वर्गाने जूनमध्येच बसून काचा फोडायचा बेत केला होता, असं सिद्ध होतं का? सतरा वर्षांत जपानमध्ये किती सरकारं आली आणि गेली. आरोपींपैकी काहींचं एकमेकांशी पटतही नव्हतं. घटना एकामागून एक घडल्या म्हणजे त्या आधीच ठरवलेल्या होत्या असं होत नाही, हे पाल यांनी पानोपानी दाखवलं. इथे त्यांच्यातला गणिताचा मास्तर दिसतो. उत्तर आधी लिहून मग रीत जुळवायची नाही.

तिसरा मुद्दा, तराजू सगळ्यांना सारखा हवा. दुसऱ्याचा मुलूख घेणं गुन्हा असेल, तर आशियात अर्धं जग ताब्यात ठेवणाऱ्या युरोपच्या देशांचं काय? सोव्हिएत युनियनने जपानशी तटस्थतेचा करार असताना १९४५ मध्ये युद्ध पुकारलं, त्यांचा न्यायाधीश मात्र न्यायासनावर. आणि हिरोशिमा-नागासाकीचं काय? सामान्य माणसांना सरसकट मारण्याचा वरून दिलेला हुकूम शोधायचाच असेल, तर पॅसिफिकच्या युद्धात अणुबॉम्ब टाकण्याचा निर्णय त्याच्या सर्वांत जवळ जातो, हे त्यांनी निकालपत्रात लिहून ठेवलं. जिंकलेल्या सैन्याच्या ताब्यातल्या शहरात बसून हे लिहायला किती धैर्य लागलं असेल, विचार करा.

पण थांबा, मेसेजमध्ये नसलेला भाग इथे आहे

डिसेंबर १९३७ मध्ये जपानी सैन्याने चीनचं नानजिंग शहर घेतलं आणि तिथे जे केलं ते वाचवत नाही. शरण आलेल्यांची कत्तल, सामान्य नागरिकांची कत्तल, स्त्रियांवर अत्याचार. फिलिपिन्समध्ये बतानला कैद्यांना उपाशीतापाशी मैलोगणती चालवलं, रस्त्यात असंख्य मेले. पाल यांनी हे नाकारलं का? नाही. साक्षींमध्ये अतिशयोक्ती धरली तरी जपानी सैन्याने अत्याचार केल्याचा पुरावा प्रचंड आहे, हे त्यांनी स्पष्ट मान्य केलं. प्रत्यक्ष गुन्हेगारांवर वेगळे खटले चालून त्यांना शिक्षा झाल्या, याकडेही त्यांनी लक्ष वेधलं.

मग त्यांनी या २५ जणांना का सोडलं? कारण या ठरावीक माणसांनी ते हुकूम दिले, किंवा कायद्याने ठरवता येईल अशा रीतीने ते त्याला जबाबदार होते, हे त्यांच्या मते सिद्ध झालं नव्हतं. गुन्हा घडला ही एक गोष्ट. तो समोर उभ्या असलेल्या माणसाने केला ही दुसरी गोष्ट. दोन्हींच्या मधली पायरी दाखवा, एवढंच ते म्हणत होते.

म्हणून दोषमुक्त आणि निर्दोष या दोन शब्दांत फरक करायला मुलांना शिकवा. पाल यांनी २५ माणसांना दोषमुक्त म्हटलं. जपान निर्दोष आहे असं ते म्हणाले नाहीत. खटला जपान देशावर नव्हताच, तो त्या माणसांवर होता.

पाल चुकले का?

आपण थोरांचं चरित्र लिहायला घेतलं की सगळं गोडगोड लिहितो. पण पाल यांच्यावर घेतलेले आक्षेप साधे नाहीत. ते ऐकले पाहिजेत.

एक आक्षेप असा. शाळेची सहल गेली, तिथे मोठी मुलं लहान मुलांना छळत होती. मुख्याध्यापकांनी छळा असं सांगितलं नव्हतं. पण त्यांना रोज तक्रारी येत होत्या आणि त्यांनी काहीच केलं नाही. ते जबाबदार नाहीत का? नानजिंगच्या बातम्या टोकियोपर्यंत पोहोचल्या होत्या. मंत्री आणि सेनापती गप्प राहिले. बहुमताने याबद्दल काहींना दोषी धरलं. नानजिंग घेणाऱ्या सैन्याचे सेनापती मात्सुई यांना याच कारणाने फाशी झाली. पाल यांनी मात्र वरच्यांना बरीच मोकळीक दिली. मला विचाराल, तर इथे पाल यांचं म्हणणं पटत नाही. वर्गाची जबाबदारी घेतलेल्या माणसाला, मी सांगितलं नव्हतं, एवढं म्हणून सुटता येत नाही.

दुसरा आक्षेप, युरोपच्या साम्राज्यांचा राग मनात असल्याने त्यांनी जपानच्या साम्राज्याकडे जरा मऊपणे पाहिलं. शेजाऱ्याने चोरी केली म्हणून माझी चोरी माफ होत नाही. चीन, कोरिया, फिलिपिन्समधल्या लोकांना त्यांचा निकाल कसा लागला असेल, याचाही विचार हवा. न्यायासमोर आरोपी असतो तसा सोसलेला माणूसही असतो.

आणि हो, स्वतंत्र भारताच्या सरकारनेही हा निकाल आपला म्हणून मिरवला नाही. हे एका न्यायाधीशाचं वैयक्तिक मत आहे, सरकारचं नाही, अशीच पंडित नेहरूंची भूमिका होती. तेव्हा भारताने एकमुखाने जपानची बाजू घेतली, हेही खरं नव्हे.

जपानमध्ये पाल

१९५२ मध्ये जपानवरचा परकीय अंमल संपला. त्याच वर्षी तनाका मासाकी या लेखकाने पाल यांच्या निकालावर पुस्तक काढलं. त्याच्या नावातच जपान निर्दोष असल्याचं म्हटलं होतं. पाहा, २५ माणसांबद्दलचा निकाल एका झटक्यात अख्ख्या देशाचा झाला! तिथून पुढे जपानमधल्या एका गटाने हा निकाल ढालीसारखा वापरला. त्याच जपानमधल्या काही अभ्यासकांनी नंतर दाखवून दिलं की निकालपत्र पूर्ण वाचलं तर त्यात जपानवर टीकाही भरपूर आहे. नाकाजिमा ताकेशी यांनी २००७ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. ती पानं मात्र ढाल करणारे वाचत नाहीत.

पाल स्वतः १९५२ मध्ये पुन्हा जपानला गेले. हिरोशिमाच्या स्मारकावर ही चूक पुन्हा होणार नाही अशा अर्थाचा मजकूर कोरलेला आहे. तो समजल्यावर त्यांनी विचारलं की चूक कुणाची? बॉम्ब काही इथल्या लोकांनी टाकला नव्हता. जपानमध्ये या प्रश्नावर मोठी चर्चा झाली. मात्र जपानने पुन्हा शस्त्रं उचलावीत, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. शांततेच्या मार्गाबद्दल ते आग्रही होते.

१९६६ मध्ये जपानच्या सम्राटांच्या वतीने त्यांना मोठा सन्मान मिळाला. हाकोने इथे त्यांच्या आणि त्यांचे स्नेही, प्रकाशक शिमोनाका यांच्या नावाचं स्मृतिभवन आहे. टोकियोच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात २००५ मध्ये त्यांचं स्मारक उभं राहिलं. याच मंदिरात फाशी गेलेल्या नेत्यांचीही नावं पूजली जातात, त्यामुळे चीन आणि कोरियात या जागेबद्दल फार संताप आहे. २००७ मध्ये जपानचे पंतप्रधान शिंजो आबे भारतात आले, तेव्हा कलकत्त्यात पाल यांच्या मुलाला आवर्जून भेटले. या खटल्यावर एक मालिका निघाली, त्यात पाल यांची भूमिका इरफान खान यांनी केली आहे. वरच्या वर्गातल्या मुलांना पालकांनी सोबत बसून दाखवायला हरकत नाही.

पुढचं कार्य आणि सन्मान

टोकियोनंतर पाल गप्प बसले नाहीत. १९५२ पासून १९६६ पर्यंत ते संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचे सदस्य होते. देशादेशांमधला कायदा नीट लिहून काढणं हे या आयोगाचं काम. १९५८ आणि १९६२ मध्ये ते त्याचे अध्यक्ष होते. म्हणजे ज्याने कायदा कुठे लिहिलाय असं विचारलं होतं, तोच पुढे कायदा लिहायला बसला. १९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिलं. १० जानेवारी १९६७ रोजी कलकत्त्यात त्यांचं निधन झालं.

आजच्या जगात त्यांचा प्रश्न

आता थोडं नागरिकशास्त्र. आपल्या संविधानाचं कलम २० उघडा. कृत्य केलं त्या वेळी जो कायदा लागू होता, त्याचा भंग झाला असेल तरच दोषी ठरवता येईल, असं ते सांगतं. सायकलचं उदाहरण आठवतंय ना? तेच.

जगाच्या पातळीवर १९९८ मध्ये रोम इथे करार होऊन कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ठरलं आणि २००२ पासून ते नेदरलँड्समधल्या हेग शहरात आहे. (भारत त्याचा सदस्य नाही.) त्याच्या नियमांतही मागच्या तारखेने शिक्षा नाही. आक्रमण म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या २०१० मध्ये ठरली आणि त्या गुन्ह्याबाबतचा न्यायालयाचा अधिकार २०१८ मध्ये सुरू झाला. टोकियोच्या निकालाला तेव्हा बरोबर सत्तर वर्षं झाली होती. पाल यांनी जो कायदा नाही म्हणून सांगितलं होतं, तो लिहायला जगाला एवढा वेळ लागला.

पण त्याच न्यायालयाच्या नियमांत हेही आहे की हाताखालच्यांचे गुन्हे माहीत असून जो वरिष्ठ ते थांबवत नाही, तोही जबाबदार. म्हणजे सहलीच्या मुख्याध्यापकांनाही सोडलेलं नाही. जगाने पाल यांचं एक म्हणणं घेतलं आणि दुसरं बाजूला ठेवलं. मला यात त्यांचा अपमान वाटत नाही. एकट्याने वेगळं मत मांडायचं ते याचसाठी, की पुढच्यांनी ते पडताळून घ्यावं.

वर्गात कसं घ्याल?

हा पाठ पाचवीच्या पुढच्या मुलांना गोष्ट म्हणून आणि आठवी-नववीला चर्चा म्हणून घेता येईल. अत्याचारांची वर्णनं लहान मुलांपुढे नकोत. सायकल, काचा आणि सहल ही तीन उदाहरणं पुरेत. चर्चेसाठी काही प्रश्न देते :

१) नियम नसताना केलेली चूक आणि नियम मोडून केलेली चूक यांत फरक आहे का?
२) दहा जण एक म्हणत असताना अकराव्याने वेगळं मत मांडावं का? मांडलं तर त्याने सोबत काय द्यायला हवं?
३) आपण काही केलं नाही, पण चूक होताना पाहत राहिलो, तर आपण जबाबदार आहोत का?
४) न्यायाधीश भांडणातल्या एकाच बाजूचे असतील, तर निकाल योग्य असला तरी तो पटेल का?

पालकांनाही एक विनंती. घरात दोन भावंडांचं भांडण झालं की आपण आवाज मोठा कुणाचा, यावर पटकन निकाल देऊन टाकतो. त्या वेळी दोन मिनिटं थांबून दोघांनाही विचारा, काय झालं, कुणी पाहिलं, कशावरून म्हणतोस? मुलं हे पाहूनच शिकतात.

आणि पुढच्या वेळी तो मेसेज आला, तर पुढे पाठवताना खाली एवढी ओळ जोडा. पाल यांनी जपानचे अत्याचार नाकारले नव्हते, त्यांनी पुरावा मागितला होता.

लेख वर्गात वापरलात, तर मुलांनी कोणती उत्तरं दिली ते नक्की कळवा.